आयन राइट : उशिरा आलेला, पण तयार होऊन आलेला

मंडळी, समोर बरेच क्रीडाशिक्षक आणि प्रशिक्षक बसलेले दिसतात, म्हणून आज मी मुद्दाम आयन राइट हा खेळाडू निवडला. इंग्लंडचा निवृत्त फॉरवर्ड. लंडनच्या आर्सेनल क्लबाचे जुने चाहते त्याला गोलांसाठी ओळखतात, तरुण मंडळी टीव्हीवर सामन्यांचं विश्लेषण करणारा म्हणून. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तो आला तेव्हा बाविशीला टेकला होता. पण ज्या कसबावर त्याने पुढे नाव कमावलं, ते त्याला प्राथमिक शाळेतच मिळालं होतं. मधली वर्षं कुठे गेली, ते आज बघू.

राइटचा जन्म 1963 चा, दक्षिण-पूर्व लंडनमधल्या वुलिचचा. आईवडील जमैकाहून आलेले. वडील लवकरच घरातून गेले, सावत्र वडिलांचा जाच होता. शनिवारी रात्री टीव्हीवर फुटबॉलचा कार्यक्रम लागला की ते मुलांना भिंतीकडे तोंड करून उभं करत, हे राइटने स्वतः सांगितलंय. आवाज ऐकू यायचा, चित्र दिसायचं नाही. अशा घरातून आलेलं पोर वर्गात शांत कसं बसणार? शिक्षकांनी त्याला वर्गाबाहेर काढणं नेहमीचंच झालं होतं.

त्याच शाळेत सिडनी पिग्डन नावाचे शिक्षक होते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक राहिलेला हा माणूस. त्यांनी या पोराला हाताशी धरलं. हजेरीपट गोळा करायला लावले, दूधवाटपाचं काम दिलं, लिहा-वाचायला बसवलं. आणि मैदानावर एक गोष्ट शिकवली, ती नीट ऐका. राइटला वाटायचं, गोल मारायचा म्हणजे चेंडू जीव खाऊन ठोकायचा. पिग्डन सरांनी त्याला जिमी ग्रीव्हज या इंग्लंडच्या नावाजलेल्या फॉरवर्डचं उदाहरण दिलं. ग्रीव्हज चेंडू ठोकत नाही, जाळ्यात पास देतो, असं ते सांगत. पुढे राइट किती तापट खेळाडू झाला हे सगळ्यांना माहीत आहे. पंचांशी वाद, कार्डं, दंड, बंदी, सगळं झालं. पण गोलकीपर समोर आला की हाच माणूस एकदम थंड व्हायचा. हे थंडपण उपजत होतं असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. ते शिकवलेलं होतं, आणि कोणी शिकवलं तेही आपल्याला माहीत आहे.

पुढची वर्षं मात्र वाया गेल्यासारखीच होती. साउथएंड आणि ब्रायटन या क्लबांनी ट्रायल घेऊन परत पाठवलं. बांधकामावर मजुरी, गवंडीकाम, लहान वयात बाप होणं, आणि गाडीचे दंड न भरल्यामुळे चेम्सफर्डच्या तुरुंगात चौदा दिवस. फुटबॉल उरलं होतं ते रविवारच्या हौशी सामन्यांपुरतं. तिथे क्रिस्टल पॅलेस या लंडनच्या क्लबासाठी नवे खेळाडू हेरणारे पीटर प्रेंटिस यांच्या नजरेला तो पडला. ऑगस्ट 1985 मध्ये व्यवस्थापक स्टीव्ह कॉपेल यांनी त्याला करारबद्ध केलं. तेव्हा तो ग्रीनिच बरो या छोट्या क्लबाकडून आठवड्याला तीस पौंडांवर खेळत होता. त्या क्लबाला मोबदला म्हणून पॅलेसने व्यायामाची वजनं पाठवली! पॅलेससाठी पुढे 117 गोल करणाऱ्या खेळाडूची ही किंमत.

पॅलेसमध्ये मार्क ब्राइटबरोबर त्याची जोडी जमली आणि 1989 मध्ये संघ पहिल्या श्रेणीत गेला. गेल्या गेल्या लिव्हरपूलने 9-0 असं धुतलं. त्याच मोसमात राइटचा पाय दोनदा मोडला. तरी मे 1990 मध्ये एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडच्या चषक स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात, वेम्बलीवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध, तो राखीव खेळाडूंच्या बाकावर होता. पॅलेस 1-2 ने मागे असताना कॉपेलनी त्याला उतरवलं. तीनेक मिनिटांत त्याने बरोबरी केली, जादा वेळेत आणखी एक गोल करून संघाला पुढे नेलं. शेवटी युनायटेडच्या मार्क ह्यूजने 3-3 केलं आणि फेरसामना पॅलेस हरलं. चषक गेला, पण नाव झालं.

सप्टेंबर 1991 मध्ये आर्सेनलने पंचवीस लाख पौंड मोजून त्याला घेतलं. लीगमधल्या पहिल्याच सामन्यात, साउथहॅम्प्टनविरुद्ध, हॅटट्रिक. मोसमाच्या शेवटच्या दिवशी पुन्हा त्याच संघाविरुद्ध हॅटट्रिक, आणि 29 गोलांसह तो लीगमध्ये पहिला आला. गॅरी लिनेकर एका गोलाने मागे राहिला. 1993 च्या एफए कपच्या अंतिम सामन्यातही त्याने गोल केला आणि फेरसामन्यातही.

पण मला तुम्हाला एकच गोल सावकाश दाखवायचा आहे. ऑगस्ट 1993, आर्सेनलचं तेव्हाचं मैदान हायबरी, समोर एव्हर्टनचा संघ. चेंडू वरून येतो. राइट तो पायावर घेतो आणि मॅट जॅक्सन या बचावपटूच्या डोक्यावरून अलगद काढतो. जॅक्सन वळून पुन्हा आडवा येतो, तर चेंडू खाली पडू न देता राइट त्याला पुन्हा तसाच चकवतो. आता समोर नेव्हिल साउथॉल, त्या काळातल्या सर्वोत्तम गोलकीपरांपैकी एक. इथे शंभरातले नव्वद फॉरवर्ड जोर लावतील. राइट चेंडू हलकेच उचलतो आणि साउथॉलच्या डोक्यावरून जाळ्यात सोडतो. पिग्डन सर सांगत होते तो पास हाच.

सप्टेंबर 1997 मध्ये बोल्टनविरुद्ध त्याने आर्सेनलसाठी सर्वाधिक गोलांचा, क्लिफ बॅस्टिनचा 178 गोलांचा जुना विक्रम मोडला. 178 वा गोल झाल्यावरच त्याने जर्सी वर करून आतला 179 लिहिलेला बनियन दाखवला. उत्साह असा की मोजणीही थांबेना! पाच-सहा मिनिटांत अगदी गोलरेषेजवळून खरा विक्रमी गोल झाला. एकूण 185 गोल करून, 1998 च्या दुहेरी विजयानंतर, म्हणजे लीग आणि एफए कप एकाच मोसमात जिंकल्यावर, त्याने आर्सेनल सोडलं. तो विक्रम पुढे आर्सेनलच्याच थिएरी ऑन्रीने 2005 मध्ये मागे टाकला. वेस्ट हॅम, नॉटिंगहॅम फॉरेस्ट, सेल्टिक, बर्नली असे थांबे घेत 2000 मध्ये तो निवृत्त झाला.

पिग्डन सर वारले असं राइटला कोणीतरी सांगितलं होतं. एका चित्रीकरणात आर्सेनलच्या स्टेडियममध्ये ते अचानक मागून येऊन उभे राहिले. राइटने आधी डोक्यावरची टोपी काढली आणि मग तो रडला. चाळिशी ओलांडलेला माणूस, शाळेतल्या पोरासारखा. ती चित्रफीत जरूर पाहा, खास करून टोपी काढण्याचा तो क्षण. कोणी सांगितलेलं नव्हतं, हात आपोआप वर गेला.

इंग्लंडसाठी मात्र 33 सामने आणि 9 गोल, त्यातले चार सॅन मारिनोविरुद्धच्या एकाच सामन्यात. एकही मोठी स्पर्धा त्याच्या वाट्याला आली नाही. 1992 च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेसाठी निवड झाली नाही, तीही लीगमध्ये सर्वाधिक गोल केलेल्या वर्षी, आणि 1998 चा विश्वचषक दुखापतीने गेला. यावरून काही जण त्याला दुसऱ्या फळीत बसवतात. मला हा हिशेब मान्य नाही. बाविसाव्या वर्षी सुरुवात करून, क्लबांच्या प्रशिक्षण अकादमीचा एकही दिवस न पाहता, सलग सहा मोसम आर्सेनलमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडू आणखी पाच वर्षं आधी मिळाला असता, तर काय झालं असतं, हे आधी त्या ट्रायल घेणाऱ्यांना विचारायला हवं.