माणशी अर्धा एकर

(उन्हाळ्यातली उघडी टेकडी. वरून घेतलेलं दृश्य.)

हे नायगाव, पाणी पंचायतीचं गाव. पुणे जिल्ह्यातलं, पुरंदर तालुक्यातलं. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथवर पोचेपर्यंत सरून गेलेला असतो. बाजरी आली तर आली.

(जुनी छायाचित्रं. दुष्काळी कामं.)

१९७२. माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडताहेत. पुण्यातले इंजिनिअर आणि उद्योजक विलासराव साळुंखे पत्नी कल्पनाताईंसोबत ही कामं बघत हिंडत होते. एवढे हात राबतात, तरी पाऊस पुन्हा हुकला की हीच माणसं पुन्हा खडीवर येणार, हे त्यांना सलत राहिलं. याच हातांनी पाणी का अडवू नये?

नायगावात देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन त्यांनी कराराने घेतली.

(उतारावरचे बांध. कॅमेरा माथ्याकडून खाली येतो.)

आता पाण्याच्या वाटेने खाली चला. माथ्यावर पडलेला थेंब सरळ पळून जाऊ नये म्हणून उताराला आडवे, समपातळीत बांध घातले. पहिला बांध वेग मोडतो, दुसरा माती धरतो. अडलेलं पाणी जमिनीत मुरतं. उरलेलं ओघळीने पायथ्याशी येतं, तिथे तलाव. तलावाच्या खालच्या अंगाला विहीर. मुरलेलं पाणी विहिरीत उतरतं आणि पंप ते पुन्हा वर, शेताकडे चढवतो.

(पाइपातून पाणी पडतंय. आवाज तसाच राहू द्या.)

इथवरचं सगळ्यांना पटलं. पाणी दिसत होतं, पीक दिसत होतं. अडचण पुढच्या प्रश्नाला आली: हे पाणी कुणाचं?

आपल्याकडे पाणी जमिनीच्या मागे जातं. ज्याची जमीन मोठी, त्याला पाणी जास्त. विलासरावांनी सातबारा बाजूला ठेवला आणि घरातली माणसं मोजली. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. घरात चार माणसं असतील तर दोन एकरांचं पाणी, मग जमीन दहा एकर का असेना. बाकीच्या आठ एकरांत कोरडवाहू पीक घ्यायचं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही, तो योजनेतल्या शेतकऱ्यांच्या गटाकडे परत येतो.

आणि ज्याला गुंठाभरही जमीन नाही, त्यालाही वाटा. त्याने दुसऱ्याचं रान वाट्याने करावं, पाणी त्याचं स्वतःचं.

या एका नियमासाठी आम्ही ही फिल्म केली.

(पाटकरी व्हॉल्व्ह फिरवतो. जवळून.)

हा पाटकरी. कुणाची पाळी कधी, किती वेळ, हे गट ठरवतो आणि पाटकरी त्याप्रमाणे पाणी सोडतो. योजना गटाचीच असते, एकट्यादुकट्याची नाही. खर्चातला वीस टक्के वाटा शेतकऱ्यांनी आधी उभा करायचा. आणि ऊस लावायचा नाही. एकाच्या उसाने कितीजणांची ज्वारी, गहू, भाजीपाला तहानेला राहतो, हे गटातला प्रत्येक माणूस मोजू शकत होता.

हीच पाणी पंचायत. १९७४ पासून.

(धरणाचा कालवा. दोन्ही बाजूंना ऊस.)

शासनाने पाणी पंचायतीच्या योजनांना अनुदान दिलं. तत्त्व मात्र उचललं नाही. कालव्याचं पाणी जमिनीच्याच मापाने वाटलं जात राहिलं, आणि भूमिहीनाला पाण्याचा हक्क ही कल्पना भाबडी ठरवून बाजूला ठेवली गेली. आम्हाला ती तेव्हाही भाबडी वाटली नाही, आजही वाटत नाही. माती धरायला आणि दगड वाहायला भूमिहीनच पुढे होते.

विलासराव २००२ साली गेले, कल्पनाताईंनी काम पुढे चालवलं. बऱ्याच योजना नंतर थंडावल्या. २००५ साली राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. त्यात समन्यायी वाटप हा शब्द आला, पण लाभक्षेत्रातला, म्हणजे धरणाचं पाणी पोचतं त्या भागातला, पाण्याचा कोटा जमीनधारकाला.

(नायगाव. पावसाळा. तोच उतार.)

हे तेच बांध.

(निवेदन इथे थांबतं. पाणी भरेपर्यंत दृश्य चालू.)