उलटी जोडलेली बॅटरी: फ्यूज उडाल्यानंतरचा शोध

(दृश्य: सीट उघडलेली, नवी बॅटरी, टर्मिनलवर टेकणारा स्क्रूड्रायव्हर.)

दुचाकीची बॅटरी नवी, वायर जुन्या. जुनीत पॉझिटिव्ह डावीकडे होतं, नवीत उजवीकडे आलं, आणि हात सवयीने गेला. कधी रंगही फसवतात. होंडाच्या गाड्यांत अर्थिंगची, म्हणजे निगेटिव्ह वायर हिरवी असते. काळ्या वायरमध्ये चावी फिरवली की पॉझिटिव्ह येतं. यामाहात काळी म्हणजेच अर्थिंग. म्हणून रंगापेक्षा बॅटरीवरची अधिक-उणे खूण पाहावी, आणि वायर कुठे जाते ते पाहावं: चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जाते ती निगेटिव्ह, सेल्फच्या रिलेकडे (सेल्फचा करंट जोडणाऱ्या स्विचकडे) जाते ती पॉझिटिव्ह.

ठिणगी उडते, गाडी मुकी होते. वायर सुलट करूनही दिवा नाही, हॉर्न नाही.

(दृश्य: काळवंडलेला फ्यूज.)

बहुतेक वेळा उडालेला असतो मुख्य फ्यूज, आणि तो उडाला हे बरंच झालं. कारण धोका असतो आरआर युनिटला, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायरला: इंजिनच्या कॉइलमधल्या एसी विजेचं डीसी करून बॅटरी भरणाऱ्या भागाला. त्यातले डायोड करंट एकाच दिशेने सोडतात, म्हणून एरवी बॅटरीचा करंट कॉइलकडे परत जाऊ देत नाहीत. बॅटरी उलटी लागली की बऱ्याच गाड्यांत हेच डायोड सरळ रस्ता होतात: करंट अडवायला वाटेत काहीच उरत नाही. फ्यूज आधी उडाला, तर युनिट वाचतं. डायोड आधी जळले, तर ते बहुधा शॉर्ट होऊन बसतात, आणि मग पुढचा प्रत्येक फ्यूज लावताक्षणी जातो.

इथे लोक फ्यूजमागून फ्यूज घालत राहतात. कोणी तर त्या जागी तार गुंडाळतं. मग जळतं ते वायरिंग.

त्यापेक्षा इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा साधा फिलामेंटचा बल्ब घ्या. एलईडी नको. त्याला दोन वायर जोडून फ्यूजच्या दोन खाचांत लावा. आता पुढे पूर्ण शॉर्ट असला तरी पावणेदोन अँपियरच्या वर करंट जाणार नाही. चावी बंद ठेवा. बल्ब विझलेला, तर उत्तम. लख्ख पेटला, तर शॉर्ट अजून आहे. पहिल्यांदा आरआर युनिटचा कपलर, म्हणजे वायर जोडणारा प्लग काढा. बल्ब विझला, तर दोषी सापडला. तसाच पेटलेला राहिला, तर फ्यूजपासून चावीपर्यंतची वायर पाहा. हँडलच्या वळणावर तिचं आवरण घासलेलं असू शकतं. नंतर चावी चालू करा. आता बल्ब मंद उजळणं चुकीचं नाही, कारण मीटर आणि दिवे करंट घेतातच. लख्ख पेटला, तर चावीनंतरचे कपलर एकेक काढत जा. इंडिकेटर लुकलुकवणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर उलट्या व्होल्टेजला सहज बळी पडतो.

(दृश्य: मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर.)

युनिटची खात्री मल्टिमीटरने होते. डायोडमधून एका दिशेने ०.४ ते ०.७ आकडा यावा, प्रोब उलटे केले की काहीच येऊ नये. दोन्हीकडून शून्य म्हणजे डायोड शॉर्ट. मात्र एससीआर (इशारा मिळाल्यावरच करंट सोडणारा, डायोडसारखा भाग) असलेल्या युनिटमध्ये चांगला भागही दोन्हीकडून बंद दिसतो, त्यामुळे तेवढ्यावरून युनिट फेकू नका.

स्टेटर कॉइल, म्हणजे इंजिनमधली वीज बनवणारी कॉइल सहसा वाचते. तिला डीसी उलटसुलट कळतच नाही. पण शॉर्ट झालेल्या युनिटवर गाडी चालवत राहिलात, तर तीही जळते. म्हणून निदान होईपर्यंत किक मारून फिरवणं टाळा. एसी सीडीआयची (प्लगची ठिणगी थेट कॉइलच्या विजेवर देणारी) गाडी बॅटरीशिवायही सुरू होते, तिथेच मोह होतो.

सगळं जागेवर आल्यावर आकडे बघा. भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास. सेल्फ दाबताना साडेनऊच्या खाली घसरली, तर बॅटरी दमलेली आहे. इंजिन वेगात असताना १३.८ ते १४.५ यायला हवेत. १५ च्या वर गेलं, तर रेग्युलेशन गेलं. आकडा विश्रांतीइतकाच राहिला, तर चार्जिंग होत नाही.

एक भलतीच साधी चूकही असते. पॉझिटिव्हवर दोन वायर असतात: जाड सेल्फची, बारीक वायरिंगची. बारीक वायर बोल्टखालून निसटली की बॅटरी भरलेली असूनही चावी फिरवल्यावर काहीच येत नाही. फ्यूज शाबूत असेल, तर आधी हेच पाहा. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी. मग पॉझिटिव्हवरचा पाना चासीला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

(दृश्य: चावी बंद, निगेटिव्ह वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर.)

शेवटची तपासणी गळतीची, म्हणजे चावी बंद असतानाही बॅटरीतून जाणाऱ्या करंटची. मीटर १० अँपियरच्या रेंजपासून सुरू करा. सेल्फला हात लावू नका. अर्धवट जळलेला डायोड गुपचूप १०० मिलिअँपियर खात असेल, तर ४ अँपियर-अवरची बॅटरी चाळीस तासांत रिकामी होते. आकडा मोठा आला, तर आरआर युनिटचा कपलर काढून पुन्हा मोजा.