उभ्याचं काम आणि पोटरीचा व्यायाम

श्रोतेहो, नमस्कार.

"दिवसभर उभाच तर असतो, मला आणखी व्यायाम कशाला?" सलूनवाले, शाळेतले सर, पोळीभाजी केंद्रात तव्यापाशी उभ्या असलेल्या ताई, सगळे हेच विचारतात. आणि संध्याकाळी चपलेचे पट्टे रुततात, पाय भरून येतात, अशी तक्रारही त्यांचीच असते. कारण नुसतं उभं राहणं हा व्यायाम नव्हेच.

हृदय पायांकडे रक्त ढकलतं, पण ते परत वर चढवायला पोटरीची मोठी मदत लागते. पोटरी आवळली की आतल्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकतं आणि शिरांमधल्या झडपा ते माघारी येऊ देत नाहीत. एका जागी उभं राहिलं की पावलाच्या शिरेतला दाब, रक्तदाब मोजतात त्याच पाऱ्याच्या मापात, साधारण ९० मिलिमीटर असतो. चालायला लागलं की तोच ३०च्या आसपास उतरतो.

तेव्हा आता ऐकता ऐकताच करून बघा. ओट्याची कड धरा. दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर या, क्षणभर थांबा. टाचा धपकन टाकू नका, सावकाश खाली आणा. एका हाताने पोटरी चाचपा. वर जाताना घट्ट आणि खाली येताना सैल लागली, की जमलं. असं दहा-पंधरा वेळा, तासा-दोन तासांनी. गिऱ्हाईक समोर असलं तरी चालतं, त्याला कळतही नाही! तोल जात असेल तर मात्र बसूनच करा.

एसटीच्या लांबच्या प्रवासात टाचा टेकवून चवडे वर ओढा, मग चवडे टेकवून टाचा उचला. घरी आल्यावर आडवं पडून पोटऱ्यांखाली उशा घ्या, पाय छातीपेक्षा उंच राहू देत. पंधरा मिनिटं पुरे.

एक स्पष्ट सांगते. फुगून वेड्यावाकड्या झालेल्या शिरा व्यायामाने नाहीशा होत नाहीत. निकामी झालेली झडप पुन्हा धड होत नाही. जडपणा आणि सूज कमी होते, हेही थोडं नाही. घोट्याजवळची कातडी काळवंडली, खाज सुटली किंवा जखम भरेना, तर डॉक्टरांना दाखवा. डॉपलर सोनोग्राफीत झडपांची अवस्था कळते. घट्ट मोजेही त्यांना विचारूनच घ्या. चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की दुखायची थांबते, असं असेल तर दुखणं बहुधा धमनीचं, म्हणजे पायाकडे रक्त आणणाऱ्या नळीचं असतं, आणि तिथे हे मोजे अपायही करू शकतात.

आणि एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर तेल लावून चोळत बसू नका. आत गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर लगेच १०८ला फोन करा.