हीट पंप: सतत चालतो तेव्हाच तो बरा असतो

(घराची मागची बाजू. बाहेरचं युनिट.)

थंडी शून्याच्या आसपास आहे. नवा हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून घर गरम करणारं यंत्र, मजेत चालू आहे, आणि मध्येच त्याचा पंखा थांबतो. फुस्स असा आवाज येतो. युनिटमधून पांढरी वाफ उठते. पहिल्या हिवाळ्यात बरेच जण इथेच घाबरून तंत्रज्ञाला फोन लावतात.

बिघाड काही नसतो. हवेतलं बाष्प बाहेरच्या कॉइलवर (नळ्यांच्या वेटोळ्यावर) गोठून बसतं, म्हणून यंत्र काही मिनिटं उलटं चालतं. घरातली थोडी उष्णता बाहेर नेऊन ते हा थर वितळवतं. याला डीफ्रॉस्ट म्हणतात. खाली ठिबकणाऱ्या पाण्याला वाट मात्र करून द्या. नाहीतर तेच पाणी पायवाटेवर गोठतं आणि कुणीतरी घसरून आपटतं.

(कॉइलचा जवळून शॉट.)

शून्याखालच्या हवेतही उष्णता असते. कॉइलमधलं रेफ्रिजरंट, म्हणजे उष्णता वाहून नेणारं द्रव्य, त्या हवेहूनही थंड असतं, म्हणून ती उष्णता आपसूक त्याच्याकडे येते. कॉम्प्रेसर तिचं तापमान वाढवून ती घरात सोडतो. हवामान बरं असेल तर १ युनिट विजेत ३ ते ४ युनिट उष्णता मिळते. पण खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमध्ये पाणी जितकं गरम पाठवाल, तितका हा फायदा घटतो. ३५ अंशांवर भागत असताना ५५ अंशांचं पाणी फिरवणं म्हणजे बिल हातानं वाढवणं.

इंधन जाळून घर तापवणाऱ्या बॉयलरची सवय सोडणं सगळ्यात अवघड. थंडी वाजली की वाढवा, बाहेर पडताना बंद करा, हे इथे चालत नाही. घर पार गार झालं की ते लवकर तापवण्यासाठी पूरक विजेचा हीटर सुरू होऊ शकतो, आणि तो १ युनिट विजेत १ युनिटच उष्णता देतो. त्यापेक्षा रेडिएटरचे व्हॉल्व्ह उघडे ठेवा, कंट्रोलरमधला हीटिंग कर्व्ह (बाहेरच्या थंडीनुसार पाणी किती गरम पाठवायचं ते ठरवणारी सेटिंग) एक पायरी खाली आणा आणि दोन-तीन दिवस काहीही करू नका. खोल्या गार वाटल्या तरच पायरीभर वर चढवा. रेडिएटर हाताला जेमतेम कोमट लागतो. लागू दे. बघायचं ते खोलीचं तापमान.

(मऊ ब्रश, पानं काढताना हात.)

देखभाल फारशी नाही. युनिटभोवतीची पानं आणि बर्फ काढा, पुढे-मागे हवेला जागा ठेवा. अॅल्युमिनियमच्या पात्या बोटानंही वाकतात, त्यामुळे प्रेशर वॉशर लांबच बरा. पाण्याचा गाळणी-फिल्टर वर्षातून एकदा साफ करून घ्या. पाण्याच्या दाबाचा काटा पुन्हा पुन्हा खाली येत असेल तर नुसतं पाणी भरत बसू नका, गळती शोधा. रेफ्रिजरंटचं काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचंच. नळाच्या गरम पाण्याच्या टाकीतलं पाणी अधूनमधून ६० अंशांपर्यंत तापतं, तो कार्यक्रम काटकसरीपायी बंद करू नका. लिजिओनेला जिवाणू त्यानेच मरतात.

आणि हिवाळ्यात गावाला जाताना मेन स्विच पाडू नका. तापमान खाली आणून ठेवा. वीज नसेल तर पाणी फिरायचं थांबतं, आणि अँटीफ्रीझ नसलेल्या बाहेरच्या पाइपात ते गोठलं की पाइप फुटतो.