पुढचा डिपर का मारतोय?

(दृश्य: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं एक देऊळ, रात्रीचे अडीच. स्टेजवरचे लाईट एकेक करून बंद होतायत.)

नाटक संपलं. सामाजिक, तीन अंकी, शेवटी पहिल्या रांगेतल्या सगळ्या बायका रडल्या, आणि आता पब्लिक खाज्याच्या पुड्या घेऊन घराकडं निघालंय. आपली गोष्ट मात्र आता सुरू होतेय, कारण स्टेजमागं एक पिकअप उभी आहे आणि तिच्यात एक अख्खा दिवाणखाना चढतोय. दोन दरवाजे, जिना, खिडकी, सोफा, लोखंडी पाईप, पडद्यांची गाठोडी, आणि सगळ्यात मागं टेलगेटला टेकून लाईटच्या पेट्या. उद्याचा प्रयोग पेडण्यात. जत्रांच्या सीझनमध्ये हे असंच चालतं, नट मंडळी बसमध्ये झोपतात आणि सेट रात्रभर रस्त्यावर असतो.

(दृश्य: केबिनमधून पुढचा रस्ता. होंडा, साखळी, डिचोली.)

केबिनमध्ये आम्ही तिघं. ड्रायव्हर, मंडळीचे लाईटवाले काका आणि मधे कॅमेरा घेऊन मी. साखळी सोडेपर्यंत समोरून सात-आठ गाड्या आल्या असतील, आणि जवळजवळ प्रत्येकानं डिपर मारला. एका स्कूटरवाल्यानं तर डोळ्यांवर हात धरला, बाजूला घेऊन थांबला आणि जाताना काहीतरी बोलला, जे मी इथं ठेवत नाही. ड्रायव्हर वैतागला. "लो बीमवरच आहे मरे मी! अजून किती लो करू?"

आणि तो खोटं बोलत नव्हता. डॅशबोर्डवर हाय बीमचा निळा दिवा लागलेला नव्हता, बल्ब कंपनीचेच, साधे हॅलोजन एच-फोर, ना जास्त वॉटचे ना कसले एलईडी. गंमत म्हणजे समोरच्यांना एवढा त्रास होत असताना आम्हाला स्वतःला रस्ता धड दिसत नव्हता, डिचोलीच्या अलीकडं रस्त्यात बसलेली गुरं अगदी तोंडाशी आल्यावर दिसली. म्हणजे लाईट जात होता कुठंतरी, फक्त रस्त्यावर पडत नव्हता.

लाईटवाले काका तोवर गप्प होते. मग म्हणाले, "स्पॉट हललाय रे. माझा स्पॉट असा हलला ना, की नटाचं तोंड काळं आणि पहिल्या रांगेचे डोळे पांढरे."

(दृश्य: पहाट, पेडण्यातलं देऊळ. अग्रशाळेची, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेची, चुन्याची भिंत.)

पोचलो तेव्हा अजून अंधार होता, तो आमच्या कामाचाच. काकांनी सेट उतरवू दिला नाही. अंगण सपाट होतं, भिंतीपासून बरोबर १० मीटरवर गाडी उभी केली, हेडलाईटच्या मध्याची उंची टेपनं मोजली, ९० सेंटीमीटर, आणि भिंतीवर तेवढ्याच उंचीला खडूनं आडवी रेघ मारली. आता लो बीम लावला की भिंतीवर उजेडाची एक वरची कड दिसते, वर अंधार खाली उजेड. हिला कट-ऑफ म्हणतात. हेडलाईट चांगला की वाईट हे ठरवणारी अर्धी गोष्ट ही कडच आहे, आणि दुकानात बल्ब घेताना कोणी तिच्याबद्दल विचारत नाही, सगळे विचारतात किती वॉट आणि किती पांढरा.

नियमाप्रमाणं बघितलं तर ही कड रेघेच्या साधारण १० सेंटीमीटर खाली पाहिजे. १० मीटरला १० सेंटीमीटर, म्हणजे एक टक्का उतार. मग ९० सेंटीमीटर उंचीवरून निघालेला उजेड ९० मीटरवर जाऊन जमिनीला लागतो आणि वाटेत कोणाच्या डोळ्यांच्या उंचीला येत नाही.

आमची कड रेघेच्या वर होती, चांगली १० सेंटीमीटर.

मग सेट उतरवला, दिवाणखाना अख्खा खाली आला, पोरांना घाम फुटला. परत बघितलं तर कड रेघेच्या खाली आलेली. हेडलाईट वरखाली करायच्या स्क्रूला हात नाही, बल्बला हात नाही, फक्त ओझं उतरलं.

(ग्राफिक: पिकअप बाजूनं. मागचा भाग दबतो, नाक वर जातं.)

पिकअपची खरी भानगड इथं आहे. कारमध्ये मागं दोन माणसं आणि बॅगा बसतात, पिकअपच्या हौद्यात हजार किलो चढतं आणि तेही बहुतेक मागच्या चाकावर. मागचे स्प्रिंगचे पाटे दबतात. समजा मागचा भाग फक्त ६ सेंटीमीटर बसला आणि पुढचा होता तिथंच राहिला, दोन चाकांमधलं अंतर धरा ३ मीटर. म्हणजे दर मीटरला २ सेंटीमीटर नाक वर. आपल्याला हवा होता १ सेंटीमीटर खाली, झाला १ सेंटीमीटर वर. ५० मीटरवर हा उजेड जमिनीपासून १४० सेंटीमीटरवर पोचतो. साखळीच्या त्या स्कूटरवाल्याचे डोळे साधारण तिथंच होते.

त्यात पिकअपचे हेडलाईट मुळातच उंचावर, म्हणून पुढं एखादी बुटकी कार असेल तर ओझं नसतानासुद्धा तिच्या आरशात उजेड भरतो. (कारवाल्यांसाठी एक बारीक गोष्ट, आतल्या आरशाच्या खाली छोटी चिमटी असते ती ओढा, आरसा रात्रीचा होतो.)

(दृश्य: दुपार. पिंपळाखाली गाडी, बॉनेट उघडं.)

दिवसा नीट बघितली गाडी. बाहेरची प्लास्टिकची काच पिवळी पडलेली, गोव्याचं ऊन खाल्ल्यावर ती पडतेच, आणि अशी काच उजेड अडवते ते वेगळंच पण जो जातो तो इकडं तिकडं फेकते, मग कट-ऑफ धूसर होतो. टूथपेस्टनं घासून चकाचक होते हे खरं, पण वरचा उन्हापासून वाचवणारा थर गेलेला असतो म्हणून थोड्या महिन्यांत परत तेच.

मग वायरिंग. हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड १० नाही, जवळजवळ ३० टक्के कमी होतो. आणि व्होल्टेज मरतं कुठं, तर गंजलेल्या अर्थिंगमध्ये आणि बारीक वायरीत. मालीम नाहीतर कुटबणच्या जेटीवरून मासळी उचलणाऱ्या पिकअप बघा, क्रेटमधून खारं पाणी गळतंय, वारा खारा, तिथं अर्थचा नट-बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजून लाल. असे ड्रायव्हर गॅरेजमध्ये येऊन सांगतात लाईट डाऊन झाला, बल्ब बदला. कित्येकदा बल्ब चांगला असतो, रिले (बॅटरीतून लाईटला थेट करंट सोडणारा स्विच) बसवून जाड वायर टाकली आणि अर्थ घासून घट्ट केला की तोच बल्ब नवा झाल्यासारखा पेटतो.

पण लोक काय करतात? एलईडी टाकतात. हॅलोजनच्याच रिफ्लेक्टरमध्ये.

एच-फोर बल्बच्या आत दोन तारा असतात, हायची ६० वॉटची, लोची ५५ची, आणि लोच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी. ती वाटी अर्धा उजेड अडवते म्हणून तर कट-ऑफ तयार होतो. रिफ्लेक्टरची वाकणं त्या काही मिलीमीटरच्या तारेच्या हिशेबानं घडवलेली असतात. तिथं तुम्ही चिप असलेली एलईडी कांडी घातली, चिप एखाद-दोन मिलीमीटर पुढंमागं झाली, की सगळं गणित फिसकटतं. समोर भिंतीवर उजेडाचा भातकाला दिसतो. आणि तरी ड्रायव्हर खूश, कारण गाडीच्या नाकासमोरचे दहा मीटर दिवसासारखे पांढरे झालेले असतात! नेमकं तेच वाईट. जवळ एवढा उजेड बघून डोळ्यांची बाहुली आकसते आणि लांबचं अंधारलेलं अजून अंधारतं. वाटतं भरपूर दिसतंय, दिसतं कमी. कंपनीनं एलईडीसाठीच बनवलेला हेडलाईट असेल तर गोष्ट वेगळी, तो चांगला असू शकतो. असू शकतो म्हटलं, असतोच असं नाही, ते कसं ते ऐका.

(ग्राफिक: अमेरिकेचा नकाशा, दोन पिकअप शेजारी शेजारी.)

अमेरिकेत आयआयएचएस नावाची संस्था आहे, इन्शुरन्स कंपन्यांच्या पैशावर चालते, गाड्या आपटून बघते. २०१६ मध्ये तिनं पिकअपचे हेडलाईट तपासले. रात्री, मोकळ्या ट्रॅकवर, सरळ रस्ता आणि दोन्हीकडची वळणं, आणि गाडी विकत घेतली तशीच, लाईटला पाना न लावता, कारण घरी नेऊन पाना कोण लावतो? ११ पिकअपपैकी 'चांगला' शेरा मिळाला फक्त एकीला, होंडा रिजलाईनला. तिचा लो बीम रस्त्याच्या कडेला १०९ मीटरपर्यंत कामाचा उजेड टाकत होता. शेवरोले कोलोराडोच्या साध्या मॉडेलचा ३७ मीटर. आणि फोर्डच्या एफ-१५०चे हॅलोजन नापास झाले, तसे वरच्या मॉडेलचे एलईडीसुद्धा नापास.

३७ मीटर म्हणजे काय? ताशी ६० नं चाललात तर रस्त्यातलं गुरं दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद, त्यात २५ मीटर गेले, पुढं कोरड्या रस्त्यावर थांबायला अजून २०-२५. झाले ४८च्या आसपास. म्हणजे ३७ मीटरच्या उजेडात ५०च्या वर गेलात की तुम्ही न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी चालवताय. पावसात तर विचारूच नका.

अजून एक. आपल्याकडं कट-ऑफची डावी बाजू थोडी वर चढलेली असते, म्हणजे कडेनं चालणारा माणूस दिसावा आणि समोरून येणाऱ्याला झोंबू नये. अमेरिकेतले लोक उजवीकडून चालवतात, त्यांच्या लाईटचा चढ उजवीकडं. तसला इंपोर्टेड लाईट कोणी हौसेनं इकडं बसवला तर तो चढ थेट समोरच्याच्या डोळ्यांत. दिसायला भारी दिसतो हं गाडीवर.

चोर्ला घाटातलं धुकं राहिलंच. बेळगावची भाजी घेऊन रात्री उतरणारे सांगतात ते बरोबर आहे, धुक्यात हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत, थेंबांवरून उजेड परत आपल्याच डोळ्यांत येतो. लो बीम, खाली लावलेले फॉग लाईट, आणि वेग कमी.

(दृश्य: रात्र. सेट परत चढवलाय. डॅशबोर्डचा क्लोजअप.)

स्टिअरिंगच्या बाजूला एक छोटं चाक आहे, त्यावर आकडे, ० ते ३, आणि हेडलाईटचं चित्र. ड्रायव्हरला इतकी वर्षं वाटत होतं की ते मीटरचा उजेड कमीजास्त करायचं आहे. ते आहे हेडलाईट खाली करायचं, रिकामी गाडी शून्यावर, ओझं वाढेल तसा आकडा वर. दोनावर ठेवलं आणि भिंतीवरची कड खडूच्या रेघेखाली सरकली. काका म्हणाले, "आता स्पॉट नटावर."

त्या रात्री पेडण्याहून अस्नोड्यापर्यंत एकानंही डिपर मारला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्रायव्हरचा फोन. सेट उतरवून रिकामी गाडी घेऊन घरी चाललेला, आणि म्हणे लाईट एकदम मेलाय, समोर जेमतेम तीस मीटर दिसतंय, तुम्ही लोकांनी काय करून ठेवलंत?

चाक अजून दोनावरच होतं.