ऊसतोडीचा हंगाम आणि सुटलेल्या गोळ्या

(दृश्य: सातपुड्याचा घाट उतरणारे ट्रक, भांडीकुंडी, पोरंबाळं)

दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडची बिऱ्हाडं गुजरातेत ऊसतोडीला निघतात. परततात ती बहुधा होळीला. त्यातल्या एखाद्याला पावसाळ्यात टीबी निघालेला असतो. दोन महिन्यांच्या गोळ्यांनी खोकला थांबतो, खाल्लेलं अंगी लागतं. पुढच्या गोळ्या मग राहूनच जातात. याला हलगर्जीपणा म्हणणं मला पटत नाही. मुकादमाची उचल घेतली की जावंच लागतं.

शरीराला औषधाची सवय होते, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तसं नाही. बदलतो तो जंतू. फुफ्फुसात पोकळी पडली की तिथे कोट्यवधी जंतू असतात. त्यांत साधारण दहा लाखांत एखादा मुळातच आयसोनियाझिड या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देत नाही. रिफाम्पिसिन या दुसऱ्या मुख्य औषधाला न जुमानणारा दहा कोटींत एखादा. दोन्हींना पुरून उरणारा सापडणं जवळपास अशक्य. म्हणून सुरुवातीला चार औषधं एकत्र, आणि उपचार सहा महिने. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत एकट्या स्ट्रेप्टोमायसिनवर रुग्ण सुधारले, पण काही महिन्यांत बहुतेकांचे जंतू त्या औषधाला बधेनासे झाले.

गोळ्या सुटतात, उरलेले जंतू वाढतात. त्रास झाला की चार दिवस गोळ्या, बरं वाटलं की बंद. दर खेपेला नाजूक जंतू मरतात, चिवट तेवढे मागे राहतात. जळगाव-धुळ्याच्या कापूस उत्पादकाने हे शेतात पाहिलंय. गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला अशीच पुरून उरली.

आयसोनियाझिड निकामी झालं की भार रिफाम्पिसिनवर. तेही गेलं की एमडीआर, म्हणजे दोन्ही औषधांना न जुमानणारा टीबी. हा जंतू खोपीत शेजारी झोपणाऱ्याच्या छातीत गेला आणि त्याला टीबी झाला, तर तो पहिल्या दिवसापासून एमडीआरच असतो. त्याने तर एकही गोळी चुकवलेली नसते!

(दृश्य: गोळ्यांच्या पाकिटावरून फिरणारं आशाताईंचं बोट)

आशाताई लघवीचा रंग विचारतात. रिफाम्पिसिन पोटात गेलं की ती केशरी होते.

सीबीनॅट ही थुंकीची यंत्रावरची तपासणी साधारण दोन तासांत रिफाम्पिसिन चालेल का ते सांगतं. आयसोनियाझिडचं कळायला एलपीए ही थुंकीची वेगळी तपासणी लागते. आपली थुंकी त्यासाठी पाठवली का, हे दवाखान्यात जरूर विचारा.

आणि गाव सोडण्याआधी आशाताईंना जायचं ठिकाण सांगा. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन यादीतली नोंद तिकडच्या केंद्रावर वर्ग होते, सरकारी केंद्रात गोळ्या तिथेही मोफतच मिळतात.