त्रिरश्मीच्या भिंतींवरचं राजकारण

नाशिकहून मुंबईकडे निघालं, की महामार्गालगत त्रिरश्मीचा डोंगर लागतो. लोक इथल्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात, पण ही लेणी बौद्ध भिक्षूंची. सुमारे 1,900 वर्षांपूर्वी राज्याचा हक्क कुणाचा, हा वाद दोन घराण्यांनी याच भिंतींवर मांडला.

हे दहावं लेणं. व्हरांड्यातला लेख उषवदाताचा. शक क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपानाचा हा जावई. शक बाहेरून आलेले. इथल्या लोकांनी त्यांना आपलं का म्हणावं? उषवदाताने उत्तरादाखल दानांची यादीच खोदून ठेवली. 3 लाख गायी. देवाब्राह्मणांना 16 गावं. वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवण. तापीसारख्या नद्यांवर फुकट नावा. हे आकडे फुगवलेले असू शकतात. भिक्षूंच्या वस्त्रांची तरतूद मात्र चोख आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, 2,000 कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. वर्षाचं व्याज 240. त्यातून 20 भिक्षूंना प्रत्येकी 12. हिशेब तंतोतंत जुळतो.

मग सातवाहन घराण्यातल्या गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. 1906 साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला नहपानाची 13,000 हून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा मारलेला आहे. डोंगरावरही त्याने तेच केलं. तोवर उषवदाताकडे असलेलं 200 निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत त्याने इथल्या भिक्षूंना देऊन टाकलं. नव्या राजालाही या विहाराचा पाठिंबा हवाच होता.

आता तिसरं लेणं. गौतमीपुत्राच्या मृत्यूनंतर, त्याचा मुलगा पुळुमावीच्या 19 व्या राज्यवर्षात, गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्रीने इथला लेख कोरवला. स्वतःला ती राजर्षीची पत्नी म्हणवते. मुलाचा पराक्रम राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा. तो ‘एकबम्हण’, म्हणजे अद्वितीय ब्राह्मण. त्याने क्षत्रियांचा गर्व उतरवला, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या कुळाचा, निर्वंश केला. आईच्या शब्दांत माया आहे, ती खरीच. पण प्रत्येक विशेषण नेमकं शकांच्या उणिवेवर बोट ठेवतं. आणि एवढी वैदिक थोरवी जिथे कोरली, ते लेणं दान दिलं भद्रायणीय पंथाच्या बौद्ध भिक्षूंना! राजाला दोन्ही पुण्याई हव्या होत्या. एकीतून कुळाला मान, दुसरीतून व्यापारी नि कारागिरांचा विश्वास.

वर्णसंकर थांबवल्याची ही ग्वाही घराण्याला स्वतःलाच पाळता आली नाही. कान्हेरीच्या एका लेखात याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातली, म्हणजे शकांचीच लेक आहे. आणि इ. स. 150 च्या जुनागढ लेखात शक महाक्षत्रप रुद्रदामन सांगतो, की सातकर्णीला दोनदा हरवूनही जवळच्या नात्यामुळे त्याने त्याचा नाश केला नाही.